भैरवनाथाचा फलक आणि आमची दिवटी

परवा आमच्या गावची यात्रा झाली. भैरवनाथाच्या देवळासमोर भलामोठा नवा माहितीफलक लागलाय... आणि तो मी लिहिलाय! आज थोडी शेखी मिरवते, सहन करा.

आमचं गाव खोडदपासून जवळच. नारायणगावात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी इतके 'भावी सरपंच' छापलेत की सगळे खरंच निवडून आले तर गावात मतदार उरायचे नाहीत.

तर यात्रा कमिटीचे तात्या दुकानात आले. देवाची, यात्रेची, मानकऱ्यांची सगळी माहिती एका फलकावर कायमची लावायची होती. "मजकूर बी तूच लिही," म्हणाले.

मी थबकले. आमचं घर बौद्ध. यात्रेत मी पाळण्यात बसले, रेवड्या खाल्ल्या, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर घसा बसेपर्यंत ओरडले... पण देवळातलं जे काही, ते लांबूनच पाहिलेलं. ज्या देवाला आपण हात जोडत नाही, त्याच्याबद्दल लिहायचं कसं?

इंटरनेटवरून चार ओळी उचलून चिकटवणं सोपं होतं. पण उद्या आमच्या विहाराबद्दल कुणी असं उचलून लिहिलं, तर मला चालेल का? अजिबात नाही. म्हणून सरळ गुरवकाकूंकडे जाऊन बसले, देवाची पूजा त्यांच्याच घराकडे आहे.

गेले ते बरं झालं. आमच्याकडे यात्रेत मांडवडहाळ्यांची मिरवणूक असते, बैलगाडीतून वाजतगाजत डहाळे आणायचे आणि देवापुढे मांडव घालायचा. मी लिहून नेलं होतं की डहाळे थेट देवळात जातात.

काकू हसायलाच लागल्या. "आगं, आधी येशीतल्या मारुतीला! त्याला इचारल्याबिगर डहाळं पुढं जात न्हाई." मारुतीपाशी गाडी का थांबते हे गर्दीच्या मागून बघताना मला कधी कळलंच नव्हतं. खोडलं, नीट लिहिलं, काकूंना वाचून दाखवलं. त्या इतक्या खुलल्या की मलाच भारी वाटलं.

मग कमिटीपुढे वाचन झालं. सगळे खूश. तेवढ्यात तात्या म्हणाले, "आरं, तुमच्या लोकांचा मान ऱ्हायला की! पालखीपुढं दिवटी धरायचा मान तुमचाच व्हता. त्यो बी टाक."

दिवटी म्हणजे मशाल. माझ्या पणजोबांनी ती धरली होती, हे मी घरात ऐकलेलं. आणि हेही ऐकलेलं, की पालखी देवळात जायची आणि दिवटीवाले पायरीखाली उभे राहायचे. १९५६ नंतर आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि दिवटी सुटली.

तात्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट त्यांना वाटलं आपण आठवणीनं मान देतोय. पण तसंच छापलं असतं, तर उद्या माझ्या भाच्यांनी देवळासमोर उभं राहून वाचलं असतं की आपल्याला केवढा मान होता, मग तो का गेला कोण जाणे... आणि तेही मावशीच्या हातचं!

नाही म्हणावं तर गावाच्या कामात खोडा घातला म्हणणार, आणि राहायचं तर याच गावात. तरी बोलले. "तात्या, तुमच्या देवाचं मी तुम्हाला विचारून लिहिलं. आमचं लिहायचं तर आमच्या घरी विचारावं लागेल."

तात्यांचं तोंड उतरलं. "आमी काय वंगाळ लिव्हतोय का?" एवढंच म्हणाले आणि उठले. म्हटलं, गेलं काम हातचं.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या वस्तीत हजर! ओट्यावर बसले, आईनं चहा दिला. टोमॅटोच्या रोपांचं, लाइटच्या वेळेचं बोलून झालं... मग हळूच म्हणाले, "वैनी, दिवटीचं कसं लिव्हायचं? तुमी सांगा."

आईला आजवर कुणी असलं काही विचारलेलं नाही. पण ती अडखळली नाही. "आमच्या मानसांनी दिवटी धरली, ही खरी गोष्ट हाय. धम्म घेतला आन् खाली ठिवली. कुणी काढून घेतली न्हाई, आमी ठिवली. तेवढं लिवा."

तात्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् पायरीखाली उभं करायचे आमचे लोक... ते?"

आई म्हणाली, "ते तुमच्या बाजूचं हाय, तात्या. ते तुमीच सांगा."

तात्यांनी सांगितलं. मी तिथंच मोबाइलवर टाइप केलं, दोघांना वाचून दाखवलं, दोघांनी मान डोलावली. नंतर कमिटीत दोघातिघांनी कुरकुर केली म्हणे, पण तात्यांनी एक शब्द हलू दिला नाही.

आज फलकावर हे असं आहे: "पूर्वी पालखीपुढे दिवटी धरण्याचे काम गावातील आजच्या बौद्ध कुटुंबांकडे होते. आम्ही त्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हतो. पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि दिवटी स्वतःहून खाली ठेवली."

यात्रेला आलेले पाहुणे थांबून वाचत होते, कुणी फोटो काढत होतं. मी रसवंतीच्या बाकावर बसून नुसती बघत होते. माझ्या गावाचा इतका अभिमान मला याआधी कधी वाटला नव्हता.

फलकाच्या तळाशी 'शब्दांकन' म्हणून माझं नाव आहे. पण खरं सांगू... त्या तीन वाक्यांतलं पहिलं आणि शेवटचं आईचं आहे. मधलं तात्यांचं.