अमरावती ते अकोला : विमानाची वेळ आणि मोगऱ्याचे हार

अमरावतीच्या विमानतळावरून थेट अकोल्याच्या विमानतळावर उडता आले, तर किती वेळ लागेल? बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत मी नकाशावर पट्टी ठेवून हेच काढत होतो. सरळ रेषेत अंतर सुमारे सत्तर किलोमीटर भरले. लहान विमानाला पंधरा-वीस मिनिटे पुरावीत.

समोर पांढऱ्या पातळातली एक बाई मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती. मांडीवरच्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली, आणखी कळ्या होत्या.

"काय मोजून राहिले जी, मास्तर?"

मी उत्तर सांगितले. ती हसली, पण बोटे थांबली नाहीत.

"इतक्यात पोचली तं हार कवा करू? भाचीचं लगन हाय जठारपेठेत. उतरल्याबरोबर दोन हार द्या लागते. अन् कळी उमलली की ओवता येत नाही."

अकोला जवळ आले, तेव्हा दुसरा हार अर्धाच झाला होता. स्टेशनाबाहेर गाडी थांबली आणि डब्यातले सगळे चिडले. ती मात्र म्हणाली, "थांब माय, जराशीक थांब!"

तिने शेवटची गाठ मारली, त्याच वेळी पहिल्या हारातली एक कळी हळूच उघडली. असे उमलणे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. पट्टी हातातच राहिली.

अंतर मी हाताने मोजले आहे. वाचकांनी ते नकाशावर तपासावे. मोगऱ्याचा एक हार ओवायला किती वेळ लागतो, तेही कृपया स्वतः पाहावे.