आरसा नसलेली खोली

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी लॉजची खोली घेतली नव्हती. पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली, आणि प्रवास म्हणजे एक तर लग्न नाहीतर मयत. दोन्हीकडे उतरायला कोणाचं तरी घर असायचंच. म्हणून त्या रविवारी मी सौसरहून घरी गेले आणि ते म्हणाले, "बाई, तुह्या मोबाइलवर पचमढीची एखादी चांगली खोली पाह्य बरं," तेव्हा मला वाटलं, कोणा ओळखीच्याला पाहिजे असेल.

"कोणासाठी, बाबा?"

"मी अन् तुही आई." आई आत तांदूळ निवडत बसली होती. तिकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "लग्नापासून म्हनून राहिलो, पचमढी दाखवतो, पचमढी दाखवतो. आता मले ओळखते तवरक जाऊन येऊ म्हनतो."

आईचं विसरणं सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण घरात ते नाव कोणी घेत नसे. बाबा एवढंच म्हणत, "तिचं जरा इकडंतिकडं झालं." मला ती कधी मुलगी म्हणून ओळखायची, कधी तिची धाकटी बहीण म्हणून. बाबांना मात्र अजून ओळखत होती. जेवताना त्यांच्या ताटात काय कमी आहे ते तिला न सांगता कळायचं.

मग आम्ही दोघं खोली शोधायला बसलो. मी फोटो दाखवायची आणि बाबा चष्मा वर करून, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. त्यांना दरी दिसणारी बाल्कनी नको होती, आईचा भरवसा नव्हता. खोली खालच्या मजल्यावर पाहिजे. न्हाणीची फरशी गुळगुळीत नको. दाराची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे, कारण आई आत गेली की कडी लावायची आणि ती काढायची कशी ते विसरायची. आणि सगळ्यात मोठी अट होती आरशाची. आरशात तिला कोणीतरी अनोळखी म्हातारी दिसायची. "हे बुढी काहून आली इथं?" म्हणत ती मागे सरायची. घरच्या कपाटाच्या आरशावर बाबांनी कधीचंच वर्तमानपत्र चिकटवून टाकलं होतं.

फोन तेच लावत. पचमढीच्या मंडळींशी हिंदीत बोलत. "कमरे में आईना है क्या?"

"है ना साहब! पूरा आदमी दिखता है."

"मग नाई जमत," म्हणून बाबा फोन ठेवून देत. पलीकडच्याला वाटत असेल, मस्करी चालली आहे. एक जण तर हसलाच. बाबांनी फोन खाली ठेवला. मी म्हटलं, "बाबा, मी बोलते." तर म्हणाले, "नाई, माह्यं काम आहे हे."

शेवटी एका बाईंचा फोन लागला. त्या आपल्या घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना देत असत. या वेळी बाबांनी आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं. "मेरी घरवाली डर जाती है. खुद को पहचानती नहीं." मग त्या म्हणाल्या, "आप आ जाइए, भैया. आईना मैं उतार के रख दूँगी." बाबांनी दोन्ही खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या. एक त्यांची आणि आईची, शेजारची माझी.

दिवाळीनंतर आम्ही गाडी करून निघालो. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बाबांनी संत्र्यांची पिशवी भरून घेतली होती. आई खिडकीशी गप्प बसली होती. सौसर मागे पडलं आणि रामाकोना आलं तशी ती एकदम सरसावून बसली. रामाकोना तिचं माहेर. आजी-आजोबा जाऊन खूप वर्षं झाली होती, मामा-मामीही राहिले नव्हते, आणि घर दुसऱ्यांचं झालं होतं.

"थांबवा नं गाडी," ती म्हणाली. "आलं माह्यं घर."

बाबांनी मागे वळून पाहिलं. "अवं, आपल्याले पुढं जाचं आहे."

पुढे तामियाच्या घाटापर्यंत ती मान वळवून मागेच बघत होती.

पचमढीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. त्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. आई गाडीतून उतरली, त्यांच्याकडे बघत राहिली आणि सरळ जाऊन गळ्यात पडली. "वहिनी, किती बारीक झाल्या व तुमी!"

त्या बाईंना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आओ, अंदर आओ." आई आत गेली ती माहेरीच गेली. तिनं ओटा पुसला, तुळशीला पाणी घातलं, बाईंच्या हातातली भाजी ओढून घेऊन चिरायला बसली. मी तिला इतकं मोकळं हसताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्याही चेहऱ्यावर हसू होतं.

जेवणं झाली. बाबा खोलीत गेले आणि पलंगावर बसून आईची औषधं काढू लागले. मी आईला हाताला धरून आणलं. उंबऱ्याशी ती थबकली.

"हे कोन आहेत?" तिनं माझ्या कानात विचारलं.

"बाबा आहेत, आई."

"बाबा नाई हे." तिनं पदर पुढे ओढला. "त्याईले बाहेर जाले सांग. घरात मानसं आहेत, वहिनी काय म्हनन?"

बाबांनी ऐकलं. ते उठून दोन पावलं पुढे आले, तिचं नाव घेतलं, "अवं, मी आहो," म्हणाले. ती माझ्या मागे लपली. तिचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट होता की दुखलं. तेव्हा बाबांनी गोळ्या माझ्या हातात दिल्या, आपली उशी उचलली आणि शेजारच्या खोलीत गेले. दोन्ही रात्री मी आईजवळ झोपले.

मधल्या दिवशी आम्ही धबधबा पाहिला, बगिचा पाहिला. बाबा चार हात मागून चालत होते, कारण जवळ आले की ती पाय उचलून भराभर चालू लागायची. एकदा उतारावर तिचा तोल गेला, बाबांनी पटकन धरलं. तिनं हात सोडवून घेतला आणि पाव्हण्याशी बोलावं तसं म्हणाली, "राहू द्या, तुमाले कायले तरास?"

निघायच्या सकाळी सामान गाडीत चढलं तरी आई दारातून हलेना. पदर पसरून उभी होती. बाईंना कळेना काय पाहिजे ते. माझ्या लक्षात आलं, ती ओटी भरायची वाट बघते आहे. मी हिंदीत कसंबसं सांगितलं. त्या लगेच आत गेल्या, ओंजळीत तांदूळ आणले. नारळ नव्हता, तर आम्हीच नेलेली दोन संत्री ठेवली. आईला कुंकू लावलं.

आईनं ओटी पोटाशी धरली आणि रडायला लागली. "वहिनी, मले नाई जाचं एवढ्यात. अजून दोन दिवस राहू द्या नं."

बाबा गाडीपासून परत आले. त्यांनी त्या बाईंना विचारलं, आणखी एक दिवस खोली मिळेल का? बाई ओशाळल्या. त्याच दुपारी दुसरे पाहुणे यायचे होते, जबलपूरहून निघालेही होते. बाबा "ठीक है, ठीक है," म्हणाले आणि आईसाठी गाडीचं दार उघडून उभे राहिले.

परतताना आई झोपली होती. रामाकोना कधी गेलं ते तिला कळलं नाही.

त्यानंतर तिनं बाबांना पुन्हा ओळखलं नाही. ते तिला भरवायचे, वेणी घालून द्यायचे. ती त्यांना "भाऊजी" म्हणायची, आणि ते "ओ" द्यायचे. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास आई गेली.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मी आणि बाबा अंगणात बसलो होतो. मला वाटलं, ते आता आजाराबद्दल काही बोलतील, नाहीतर शेवटच्या दिवसांबद्दल. त्यांनी विचारलं, "बाई, त्या पचमढीच्या खोलीत अजून एक-दोन दिवस राहिलो असतो, तं तिनं मले आत घेतलं असतं का?"

मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "दोनच दिवसाची खोली घेतली मी. जास्त घ्याले पाह्यजे होती."