उसनं नाक

"मॅडम, जरा नाक देता काय?"

भिंतीपलीकडून ही हाक आली की मी हातातलं काम ठेवून निघत असे. तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. शेजारी साखर मागतात, शिडी मागतात, पाहुणे आले तर खुर्च्या मागतात. आमचे भाऊ नाक मागत.

वरठीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं घर आणि त्याला लागून त्यांचं. समोरच्या खोलीत त्यांचं काम चाले. आधी ते ॲक्रिलिकच्या पाट्या करत, दुकानांच्या आणि दारावरच्या नावांच्या. उरलेल्या तुकड्यांतून एकदा कोणासाठी तरी माशांची टाकी केली आणि मग टाक्याच करू लागले. काचेपेक्षा ही हलकी आणि सहसा फुटत नाही, हे ते गिऱ्हाइकाला सांगत. "पण ओरखडा लवकर पडते हिले," हेही लगेच स्वतःच सांगून टाकत. विकणाऱ्याने एवढं खरं बोलू नये, असं मला वाटे.

नाकाचं कारण असं. ॲक्रिलिकची टाकी डिंकाने चिकटवत नाहीत. पाण्यासारखं पातळ एक रसायन इंजेक्शनच्या सुईने सांध्यात सोडतात. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि वाळल्यावर दोन्ही मिळून एकच होतात. त्या रसायनाचा वास डोक्यात जाणारा. तो पुरता उडाल्याशिवाय टाकीत मासे सोडायचे नाहीत, हा भाऊंचा नियम. आणि भाऊंना तर वासच येत नसे. कोरोनाच्या तापात गेला तो गेला. त्याच तापात त्यांची बायकोही गेली. बायकोबद्दल ते बोलत नसत, नाकाबद्दल बोलत.

तर मी टाकीत डोकं घालून हुंगायची आणि भाऊ निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे हात बांधून बाजूला उभे.

"येऊन राहिला काय?"

"थोडा येऊन राहिला."

"मंग राहू द्या जी. घाई कायले? उद्या पाहू."

मग चहा होई आणि चहाबरोबर ॲक्रिलिकच्या शीटवर प्रवचन. एकदा एक हॉटेलवाला स्वतःच स्वस्तातली शीट घेऊन आला. भाऊंनी तिचा कोपरा करवतीने कापला आणि खाली पडलेला कचरा त्याच्या तळहातावर ठेवला. साच्यात ओतलेल्या चांगल्या शीटचा भुसा कोरडा, पिठासारखा पडतो. हिच्या मात्र वितळून तारा निघाल्या होत्या.

"हे मशीनमधून दाबून काढलेली आहे. रसायन लागलं का बारीक बारीक चिरा पडतीन. पाट्या करा हिच्या, मासे नका ठेवू."

हॉटेलवाला म्हणाला, मग सिलिकॉनने चिकटवा. भाऊंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "सिलिकॉन काचेचा सोयरा आहे जी. इथं त्याले कोणी पाणीही विचारत नाही."

मी निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. सकाळी अकरापर्यंत माझी सगळी कामं संपतात आणि मग दिवस नुसता समोर बसून राहतो. त्यामुळे नाक देणं हे काही मोठे उपकार नव्हते, हे आधीच कबूल करते.

एकदा अशीच टाकी हुंगत होते. भाऊ दारापाशी दुसऱ्या शीटची कड घासत बसलेले. एकदम म्हणाले, "मॅडम, पळा. दूध लागलं तुमचं!"

मी धावले. पातेलं काळंठिक्कर झालं होतं. ते घासता घासता माझा हात थांबला. माझं स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला, मध्ये भिंत आणि अंगण. माझ्या धडधाकट नाकाला जे कळलं नाही, ते यांना कसं कळलं? वास गेला होता हे खरंच असणार. तो परत कधी आला, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मला कळलंय हे मी त्यांना कळू दिलं नाही. उलट त्यानंतर टाकीला वास उरला नसला तरी मी बेधडक "थोडा येऊन राहिला" म्हणू लागले. तीन दिवसांत जाणारी टाकी पाच दिवस राही. त्यात माशांचं काही बिघडत नव्हतं.

बिघडवलं ते माझ्या जिभेने. भंडाऱ्याचे एक दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन टाकी न्यायला आले होते. उशीर झाला म्हणून वैतागलेले. "आठवडा झाला, अजून वासच पाहून राहिले काय तुम्ही?" असं ते भाऊंना म्हणाले. मी तिथेच होते. वर्गात एखाद्याची चोरी पकडली की बाकीची पोरं हसतात आणि ते हसू मास्तरांना आवडतं. ती खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

"अहो डॉक्टर," मी म्हटलं, "यांच्या नाकाले काय झालं? माझं दूध लागलं तं भिंतीपलीकडून समजते यांले!"

डॉक्टर हसले, त्यांची बायको हसली. भाऊही हसले. "दूरचा येते मले," ते म्हणाले, "जवळचा येत नाही." आणि फडकं घेऊन टाकी पुसू लागले. टाकी आधीच पुसलेली होती. त्यांनी मान वर केली नाही.

टाकी तेव्हाच गेली. त्यानंतर हाक आली नाही.

करवतीचा आवाज यायचा, म्हणजे टाक्या होत होत्या. रस्त्यात दिसले तर "बरं आहे ना, मॅडम?" म्हणून पुढे जात. माफी मागावी असं रोज वाटे. पण माफी मागायची म्हणजे त्यांचं ते गुपित पुन्हा उघडं करायचं. मला फार एकटं वाटलं, हे सरळच सांगते. त्यांना किती वाटत असेल, हे त्याच्याही नंतर सुचलं.

शेवटी मी टाकी मागायला गेले. मला मासे आवडत नाहीत, पाळायलाही आणि ताटातही.

"कोणते मासे ठेवता?"

"अजून ठरवलं नाही, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टेप काढला. आता तरी हुंगायला बोलावतील असं वाटलं होतं. नाही बोलावलं. टाकी तयार झाल्यावर स्वतःच घेऊन आले. मेजावर थर्माकोल घालून ती बसवली, पाणसळ लावून सपाट बसली का ते पाहिलं, बादल्यांनी पाणी भरलं. जाताना दारात थांबले.

"आठ दिवस पाहा जी. गळली तं मले आवाज द्या. हातातलं काम टाकून येतो मी."

मी रोज सकाळी सांध्यांवरून बोट फिरवत असे. टाकी ठणठणीत कोरडी. नवव्या दिवशी मी वाटीभर पाणी मुद्दाम मेजावर सांडलं आणि भिंतीपाशी गेले. तोंडही उघडलं. पण त्या माणसाच्या हातचा सांधा गळतो, असं मी कसं म्हणणार? एकदा चारचौघांत त्यांना खोटं पाडलं होतं. आता त्यांचं कामही खोटं पाडू? परत आले आणि मेज पुसून टाकलं.

पुढल्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. एकोडी गावचा त्यांचा भाचा गाडी घेऊन आला आणि त्यांना नागपूरला घेऊन गेला. मी तेव्हा बाजारात होते. भाऊ परत आले नाहीत. त्यांच्या समोरच्या खोलीला आता कुलूप आहे.

हाक मारायला हवी होती. त्यांना राग आला असता, तरी ते आले असते.

टाकी माझ्याकडे आहे. मासे आणले नाहीत. पाणी मात्र वेळच्या वेळी बदलते आणि झोपण्याआधी सांध्यांखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून ठेवते. सकाळी तो काढून पाहते. कोरडा असतो.