देव्हाऱ्याखालची रेघ

चूक माझीच. किनाऱ्यावरच्या वाड्यांना समुद्राचा धोका किती, हे ठरवायला मी आलो, तेव्हा इथल्या पारूमावशींनी आपल्या घरातल्या देव्हाऱ्याखालची कोळशाची रेघ दाखवली होती. “मागच्या वादळात पाणी इथवर आलेलं, सायेब. लिवा.”

“मावशी, कागद लागतो, रेघ चालत नाही,” असं हसत म्हणून मी ‘धोका कमी’ लिहिलं. त्यामुळे यंदाच्या वादळाआधी ही वाडी कुणी रिकामी केली नाही. मावशींचा नवरा बुडाला.

आज ओल त्या रेघेच्या हातभर वर दिसते. समुद्र कुठवर आला हे आम्ही कचेरीतल्या कपाटांत शोधतो. लोकांनी ते देवाच्या पायाशी लिहून ठेवलेलं असतं.

मावशींनी कोळसा पुढे केला. “ही तुमीच मारा.”

रेघ मारून मी हात जोडले. “मावशी, चुकलो. तुमचं माणूस माझ्यामुळे गेलं.”