धाकू होणे

मीरा-भाईंदरमध्ये एखाद्या नगरसेवकाने पक्ष बदलला की लोक म्हणतात, "गेला, हा पण धाकू झाला." इंद्रलोक वसाहतीतला किराणावाला सुद्धा नेहमीच्या गिऱ्हाइकाला दम देतो, "भाभी, ये धाकूगिरी नहीं चलेगी, राशन हमारे यहाँ से ही लेना." आता हा शब्द आला कुठून? कोणी म्हणतं गुजरातीतून, कोणी म्हणतं आगरी बोलीतून. अहो, कसली गुजराती आणि कसली आगरी! हा शब्द पेणकरपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जातो आणि जिना चढताना गुडघे धरून "आई गं" म्हणतो.

धाकू पाष्टे, मूळचा रत्नागिरीकडचा. पोटासाठी काशीमीऱ्याच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम आणि हौसेसाठी घोषणा. आवाज असा, की आपण शिंकलो तरी हायवेचे ट्रकवाले ब्रेक दाबायचे, असं तो स्वतःच सांगतो. वीसेक वर्षं त्याने एकाच नेत्यासाठी घसा फोडला. धाकूने ओरडायचं, "आप्पासाहेब, तुम आगे बढो!" आणि गर्दीने म्हणायचं, "हम तुम्हारे साथ हैं!" आप्पासाहेब खरंच पुढे गेले. धाकू तिथेच राहिला.

मग एका गणपतीत आप्पासाहेबांकडून वॉर्डातल्या सगळ्या कार्यकर्त्यांच्या बायकांना साड्या आल्या, धाकूच्या अंबिकाला तेवढी नाही. धाकूचं डोकं सटकलं. पुढच्याच आठवड्यात त्याने आप्पासाहेबांच्या विरोधातल्या नानांच्या पक्षात जायचं ठरवलं. हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये जाहीर प्रवेश. स्टेजवर नाना हार घेऊन उभे, फोटोवाला तयार. कोणीतरी म्हणालं, "धाकूशेठ, होऊन जाऊ दे एक घोषणा!" धाकूने माइक घेतला, छाती भरली आणि गर्जला, "आप्पासाहेब, तुम आगे बढो!"

त्याहून कहर म्हणजे, हॉलमधले निम्मे लोक आप्पासाहेबांकडूनच फुटून आलेले. त्यांनीही सवयीने हात वर केले, "हम तुम्हारे साथ हैं!"

नानांच्या हातातला हार हातातच राहिला. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत शहरभर फिरला, आणि त्या दिवसापासून पक्ष बदलणाऱ्याला नाव मिळालं ते आजपर्यंत. मूळ किस्सा लोक विसरले. नवी पोरं तर धाकूसमोरच "साले सगळे धाकू" म्हणतात आणि हा मान डोलावतो. "आमच्या घराण्यात कोणाच्या नावाचा चौक नाही की रस्ता नाही," तो अंबिकाला म्हणतो, "माझ्या नावाची मात्र शहरभर शिवी आहे. असं नाव कमवायलाही नशीब लागतं!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, मिनलला तिकीट मिळेपर्यंत.

मिनल त्याची एकुलती एक मुलगी. पाड्यातल्या पाण्याच्या लाइनीसाठी तिने पालिकेत खेटे घालून चपला झिजवल्या, म्हणून नानांच्याच पक्षाने तिला उभं केलं. प्रचाराचं काम बघणारा अभिनव फ्लेक्सचा मजकूर घेऊन घरी आला आणि चहा पिता पिता चाचरत म्हणाला, "ताई, एक बोलू? मधलं नाव काढू या. 'मिनल धाकू पाष्टे' वाचलं ना, तर समोरचे आपल्याला चटणीलाही ठेवणार नाहीत."

मिनलने बापाकडे पाहिलं. तिने काही म्हणायच्या आत धाकूच म्हणाला, "काढा, काढा! मी सांगणारच होतो. मिनलताई पाष्टे, बास. कसं सुटसुटीत!" मग तो गॅलरीत गेला आणि अंबिकाने नुकतंच पाणी घातलेल्या तुळशीला पुन्हा पाणी घालत बसला.

"बुडवाल तिला," अंबिका म्हणाली. "किती घालताय?"

त्याला वाईट वाटलं होतं. चांगलंच वाटलं होतं. पण पोरीची मतं आपल्या नावापायी जायला नकोत, म्हणून मतदान होईपर्यंत तिच्या सभेकडे फिरकायचंही नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि पाड्यातल्याच कोपरा सभेच्या दिवशी तिचा घोषणा देणारा माणूस ऐन वेळी समोरच्या पार्टीकडे गेला. आता याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा! मिनलचा फोन आला, "पप्पा, या ना. गर्दी नुसती बसलीये, कोणाचा आवाजच पोचत नाहीये."

"येडी का गं तू? माझं तोंड तुला माहीत नाही?"

"माहितीये. या."

वाटभर तो घोकत गेला, मिनलताई पाष्टे, मिनलताई पाष्टे. पाचावर धारण बसलेली. स्टेजवर चढला, तर समोर विरोधी पार्टीची पोरं तो जुना व्हिडिओ उकरून काढून, मोबाइल उगारून तयारच. हा आज कोणाचं नाव घेतोय, एवढंच त्यांना बघायचं होतं. धाकूने डोळे मिटले, छाती भरली आणि गर्जला, "मिनल धाकू पाष्टे, तुम आगे बढो!"

काय करणार? बारशापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत पोरीचं नाव त्याने कधी अर्धं घेतलंच नव्हतं. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा पाडाच हसायला लागला. मोबाइलवाली पोरं तर लोळायची बाकी. धाकूच्या कानशिलांना आग लागली. "घे बाई," तो माइक पुढे करत पुटपुटला, "केली परत माती."

मिनलने माइक घेतला नाही. हसणं थांबायची वाटही तिने पाहिली नाही. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "मागे ऐकू गेलं नाही, पप्पा. परत म्हणा. पूर्ण नाव."

धाकूने बाहीने नाक पुसलं, माइक तोंडाशी धरला आणि पूर्ण नाव घेतलं.