मासे कापायच्या फळीचं भिंग

कणकवलीच्या आमच्या कॉलेजात माझी प्रयोगशाळा कँटीनच्या सिलिंडरांना द्यायचं घाटत होतं. प्राचार्य म्हणाले, "सोमवारी एक तरी स्पष्ट चित्र दाखवा, नाहीतर खोलीची किल्ली ठेवा."

चित्र काढायचं होतं टेराहर्ट्झ लहरींनी. ह्या लहरी सुक्या वस्तूतून आरपार जातात, पाण्यात मात्र बुडतात. मालवणात जन्मल्या नाहीत ना! त्यामुळे हापूसच्या पोटात डोकावायचा अख्ख्या जिल्ह्याचा हट्ट मी मोडून काढला आणि सुक्या काजूबिया घेतल्या. पण माझा अँटेना लहरी अशा उधळायचा की निम्म्या देवगडात, निम्म्या गोव्यात. पडद्यावर बी ठेवा की हत्ती, धुकं तेच.

लहरी एका ठिकाणी गोळा करायला अँटेनासमोर भिंग हवं. काचेचं नव्हे, जाड पांढऱ्या प्लास्टिकचं. ते मला रविवारी घरीच सापडलं, सुरमईच्या खाली. मेहुणीनं मुंबईहून पाठवलेली मासे कापायची फळी! मधोमध गोल कापला आणि कॉलेजच्या वर्कशॉपातल्या लेथवर फिरवून त्याला असा फुगीर, गुळगुळीत केला की माशी बसली असती तर घसरत वेंगुर्ल्याला पोचली असती.

"माजी फळी खंय आसा?" बायकोनं विचारलं.

"विज्ञानाक दिलंय."

"मग सुरमय पण आता विज्ञानानच कापूची."

सोमवारी प्राचार्यांसमोर तीन बिया ठेवल्या. यंत्र एकेक ठिपका टिपत सरकत होतं आणि प्राचार्य घड्याळाकडे बघत होते. शेवटी चित्र उमटलं. दोन बियांत गर, मधली रिकामी. कडा इतक्या रेखीव की मी स्वतःच दचकलो. पण चेहरा असा ठेवला, जणू रोजचंच आहे.

"मधली पोकळ कशावरून?"

"फोडा, सर."

त्यांनी पेपरवेटनं फोडली. आत नुसती हवा. कार्यालयातली शुद्ध मराठी गळून पडली. "ह्या खरा आसा मरे!" मग नाक वाकडं करून विचारलं, "पण वास कसलो येता?"

"संशोधनाचो," मी म्हणालो. किल्ली खिशात घातली.

घरी भोकाची फळी परत केली. बायकोनं ती भोकातूनच खिळ्याला अडकवली. "परत भिंग व्हया झाला, तर आधी माका विचारा."

लहरी पलीकडे पकडणाऱ्या अँटेनालाही एक हवंच होतं. फळीच्या चारी कोपऱ्यांत जागा होती. मी लगेच विचारलं.