हात लावून बघ

"ऊठ गं. मागं फिर. बघू दे समद्यास्नी."

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मुकादमीण ओरडली. मी उठले. पाठ फिरवली. खालचं गोणपाट लाल झालं होतं. आदल्याच दिवशी न्हाऊन, शुद्ध होऊन कामावर आले होते. बाया तोंडाला पदर लावून लांब सरकल्या. मालक गादीवरून हललाही नाही. म्हणाला, "इटाळाची बाई माझ्या मालापाशी? त्येच गोणपाट दे तिच्या डोस्क्यावर. जाऊ दे पेठेतनं."

ओलं गोणपाट डोक्यावर आलं. लाजेनं मेल्याहून मेले. आणि आक्का आठवली.

आक्का माझी थोरली बहीण. तिलाही असंच अंगावरून जायचं. कापडाची घडी बदलली की लगेच भिजायची. आवळ्याएवढ्या गाठी पडायच्या. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. ओठ, नखं पांढरीफटक. आई म्हणायची, "वाईट रगत जातंय, जाऊ दे. आंग हलकं हुतंय." अंगावरचं थांबेपर्यंत घरात घ्यायचं नाही, ही रीत. ते थांबलंच नाही. आक्का गोठ्यातच राहिली. भाकरी लांबून टाकायची, पाणी वरून ओतायचं. कुणी तिला शिवलंच नाही. तिचे हात कधी गार पडत गेले, कुणालाच कळलं नाही. मेल्यावर मात्र सगळ्यांनी हात लावला.

आता अंधारी माझ्या डोळ्यांपुढं होती. नखंही तशीच. मी गोणपाट खाली आपटलं. मुकादमिणीचं मनगट धरलं.

"हात लावून बघ, किती गार पडलाय. ह्यो इटाळ न्हाय, आजार हाय. माझी आक्का ह्यानंच मेली."

तिनं हात हिसडला आणि हौदावर धुवायला पळाली. मालकानं मला हाकललं. दवाखान्यात गेले. डॉक्टरनं दारातच उभं केलं, नाडीसुद्धा बघितली नाही. "बायकांचं असतंयच," म्हणाला. घरी आले, तर आईनं गोठा झाडून ठेवला होता.

अजून थांबलेलं नाही. मी जगेन असं वाटत नाही. पण गोठ्यात जाणार नाही. रोज सकाळी वखारीच्या फाटकासमोर येऊन बसते. आत जाणाऱ्या पोरींना मालकाला ऐकू जाईल असं विचारते, "घडी लगीच भिजती का गं? गाठी पडत्यात? अंधारी येती?"

पोरी मान खाली घालून जातात. जाऊ देत. उद्याही विचारणार. मरायचं तर इथंच मरेन, फाटकात. उचलायला तरी हात लावावाच लागेल.